हंबीरला वाढताना

गुणवंत कोठावळ्यांनी चौतीस वर्षं दिल्लीत माणसांना जेवू घातलं. कोपर्निकस मार्गावरच्या राज्याच्या जुन्या अतिथीगृहात ते भांडी विसळायला म्हणून लागले आणि मुख्य आचारी म्हणून निवृत्त झाले. फायली घेऊन आलेले अधिकारी, मुलाखतीला आलेली पोरं, मोठ्या हॉस्पिटलात कुणाला दाखवायला आलेली गावाकडची भांबावलेली माणसं, सगळी त्यांच्या हातचं पिठलं-भाकरी खाऊन गेली. वाढून झालं की गुणवंतराव खांद्यावरच्या फडक्याला हात पुसत बाहेर येऊन उभे राहायचे. एखादं ताट लवकर रिकामं झालेलं दिसलं की तो माणूस नको नको म्हणत असतानाच त्याच्या पानात आणखी एक पोळी पडायची. त्यांच्या पंगतीतून अर्धपोटी उठायची कुणाची टाप नव्हती. पन्नास माणसांची कणीक असो की दोन माणसांची आमटी, सगळं मुठीच्या मापाने. काट्यावर तोलून स्वयंपाक करणाऱ्याला ते औषधवाला म्हणायचे.

निवृत्तीनंतर ते मयूर विहारमधल्या आपल्या तळमजल्याच्या फ्लॅटमध्ये रिकाम्या हाताने बसले. पत्नी साधना केंद्र सरकारच्या एका कार्यालयात होती, तिची दोन वर्षं अजून बाकी होती. सकाळी साडेआठला ती मेट्रोला गेली की घरात भांड्याचा आवाज यायचा तो फक्त त्यांच्या चहाच्या पातेल्याचा. मुलगी उत्तरा गुरुग्रामला एका कंपनीत होती आणि तिकडेच राहायची.

त्या फेब्रुवारीत उत्तराने ग्रेट डेन जातीचं दोन महिन्यांचं पिल्लू आणलं. जेमतेम तीन आठवडे झाले असतील, तोच कंपनीने तिला वर्षभरासाठी हैदराबादला पाठवलं. पिल्लू, त्याची चादर आणि दोन वाडगे मयूर विहारला आले. करड्या रंगाचं, मोठाल्या पंजांचं, लोंबत्या गालांचं ते पिल्लू दारात बसून सगळ्यांकडे पाळीपाळीने बघत होतं. उत्तराने त्याला काहीतरी इंग्रजी नाव ठेवलं होतं. साधनाच्या जिभेला ते वळेना, म्हणून गुणवंतरावांनी त्याचा हंबीर केला. गेटवरचा चौकीदार रामऔतार त्याला हमीरसाहब म्हणू लागला.

गुणवंतरावांना कुत्र्यांचा सोस कधीच नव्हता. पण हंबीरने पहिल्याच दिवशी दूधपोळीचा वाडगा चाटून लख्ख केला आणि मान वर करून त्यांच्याकडे असं पाहिलं, की त्यांचा हात आपोआप पुन्हा पातेल्याकडे गेला. जेवणारं माणूस घरात आलं होतं. दुसऱ्या दिवसापासून सकाळी अंडी आणि दूध, दुपारी मटणाच्या पाण्यात कुस्करलेल्या पोळ्या, संध्याकाळी दहीभात, वर तुपाची धार. जनावरांचं सामान विकणाऱ्या दुकानदाराने सांगितलं, की एवढ्या मोठ्या जातीला हाडांसाठी कॅल्शियम भरपूर लागतं. त्याने दिलेलं पातळ औषध ते झाकणाऐवजी पळीने घालायचे. उत्तराने बरोबर दिलेल्या कुत्र्यांच्या तयार खाण्याच्या पिशवीकडे त्यांनी ढुंकून पाहिलं नाही. या वाळक्या खड्यांवर कुणी जीव जगवतं का, असं त्यांनी साधनाला विचारलं.

आणि हंबीर वाढला, डोळ्यांदेखत वाढला. एप्रिलमध्ये उत्तरा दोन दिवस आली तेव्हा तिला तो उचलेना. सोसायटीतली माणसं थांबून बघायची. काय खायला घालता म्हणून विचारायची, आणि गुणवंतराव पाककृती सांगावी तसं सगळं सांगायचे. अतिथीगृह सुटल्यापासून इतकं समाधान त्यांना मिळालं नव्हतं.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात हंबीर पुढच्या डाव्या पायाने लंगडायला लागला. खेळताना लचकलं असेल म्हणून त्यांनी हळद-तेल चोळलं. चारपाच दिवसांनी साधना ऑफिसातून आली आणि दारातच उभी राहून म्हणाली, की याचे पाय पुढून वाकल्यासारखे दिसतायत. खरंच होतं. मनगटाशी गाठी आल्या होत्या आणि पंजे बाहेरच्या बाजूला फिरले होते. जुन्या टेबलाचे पाय फाकतात तसे ते दिसत होते.

मार्केटच्या मागे डॉक्टर शालिनी अरोरांचा दवाखाना होता. बाई तिशीच्या, मोजकं बोलणाऱ्या. त्यांनी पाय चाचपले, एक्स-रे फोटो काढला, वजन घेतलं. साडेचार महिन्यांचा हंबीर चौतीस किलो भरला. मग त्यांनी काय काय खायला घालता ते विचारलं आणि गुणवंतरावांनी हौसेने सांगितलं. त्या ऐकत राहिल्या. नंतर फोटो उजेडासमोर धरून समजावून सांगितलं, की मोठ्या जातीचं पिल्लू मुळात झपाट्याने वाढतं. त्याला आणखी रेटायचं नसतं, उलट आवरायचं असतं. इथे हाड तयार व्हायच्या आतच त्यावर वजन चढलं आहे. आणि वरून घातलेलं कॅल्शियम इतक्या लहान जिवाला बाहेर टाकता येत नाही, ते हाडांची वाढ बिघडवतं.

"कोठावळेजी, आपने इसे बहुत प्यार से खिलाया है," त्या म्हणाल्या. "दिक्कत वही है."

त्यांनी कागदावर लिहून दिलं. मोठ्या जातीच्या पिल्लांसाठीचं तयार खाणं, दिवसातून तीनदा, दर वेळी एकशे ऐंशी ग्रॅम. दूध, तूप, मटणाचं पाणी, कॅल्शियम, सगळं बंद. दुखतंय तोवर थोडे दिवस गोळी. हे निदान वर्षाचा होईपर्यंत.

गुणवंतराव घरी आले ते धुमसतच. चौतीस वर्षांत त्यांच्या हातचं खाऊन कुणाचं पोट बिघडल्याची तक्रार आली नव्हती, आणि ही कालची मुलगी म्हणते की त्यांच्या वाढण्यानेच जनावर अधू झालं. कागद त्यांनी फ्रीजवर टाकून दिला. अशक्तपणा आला असेल, असं मनाशी ठरवून त्या संध्याकाळी त्यांनी नेहमीपेक्षा दोन अंडी जास्तच घातली.

सकाळी त्यांनी वाडगा ठेवला आणि हाक मारली. हंबीर कोपऱ्यातल्या चादरीवरून उठायला गेला. पुढचे पाय गुळगुळीत फरशीवर दोन बाजूंना सरकले आणि तो छातीवर आपटला. पुन्हा उठायला गेला, पुन्हा आपटला. तिसऱ्यांदा त्याने प्रयत्न केला नाही. पडल्या पडल्याच वाडग्याकडे बघत तो शेपूट हलवत राहिला. शेपटीचा फरशीवर पटपट आवाज येत होता.  गुणवंतराव त्याच्याशेजारी खाली बसले, वाडगा त्याच्या तोंडाशी धरायला गेले आणि मधेच थांबले. तो वाडगा तसाच उचलून त्यांनी मोरीत रिकामा केला. मग हंबीरला रामऔतारच्या मदतीने रिक्षात घातलं आणि दवाखाना उघडायच्या आधीच पायरीवर जाऊन बसले.

डॉक्टर आल्यावर त्यांनी आदल्या दिवशीचं सगळं कबूल केलं, जास्तीच्या अंड्यांसकट. "आता तुम्ही सांगाल ते मी करतो," ते हिंदीत म्हणाले. "पण नीट सांगा. अंदाजाने सांगू नका. अंदाजानेच मी इथवर आणलंय."

त्या दिवशी कोठावळ्यांच्या ओट्यावर वजनकाटा आला. सकाळी सहा, दुपारी एक, संध्याकाळी सात. गुणवंतराव चष्मा लावून काट्यावर वाडगा ठेवायचे, एकशे ऐंशीवर आकडा आला की थांबायचे, एकशे चौऱ्याऐंशी झाला तर चार ग्रॅमचे दाणे वेचून परत पिशवीत टाकायचे. पहिल्या दिवशी त्यांनी त्यातला एक दाणा स्वतः चावून पाहिला. स्वतः न चाखलेलं त्यांनी कधी कुणाला वाढलं नव्हतं. चव अशी काही नव्हती, पण वासही वाईट नव्हता. त्यावर कोमट पाणी घालून दहा मिनिटं भिजवायचं, एवढीच काय ती पाककला उरली होती, आणि ती ते मन लावून करायचे.

फरशीवर घरातल्या सगळ्या सतरंज्या, जुन्या गोधड्या, अगदी साधनाच्या माहेरचं जाजमसुद्धा अंथरलं गेलं. हंबीर घसरता कामा नये. फिरवणं दिवसातून दोनदा, दहादहा मिनिटं, गवतावर.

हे सगळं जमत होतं. जमत नव्हतं ते हंबीरचं तोंड चुकवणं. वाडगा मिनिटभरात रिकामा व्हायचा. मग तो वाडगा चाटत स्वयंपाकघरभर सरकवत न्यायचा, आणि शेवटी येऊन गुणवंतरावांच्या मांडीवर जड डोकं ठेवून वर बघायचा. आयुष्यभर अशाच नजरेची वाट बघत जो माणूस पंगतीत उभा राहिला, त्याला आता ती नजर सोसायची होती. पहिले पंधरा दिवस ते वाडगा ठेवून सरळ घराबाहेर पडायचे, गल्लीच्या टोकाशी जाऊन उभे राहायचे आणि वाडग्याचा आवाज थांबला असेल असा हिशेब करून परत यायचे. नंतर त्यांनी ठरवलं की हा पळपुटेपणा झाला. ते तिथेच वेताचं स्टूल घेऊन बसायला लागले. हंबीर डोकं ठेवायचा, ते त्याचे कान कुरवाळायचे, आणि उठायचे नाहीत.

दर रविवारी सकाळी हंबीरचं वजन. दवाखान्याला रविवारी सुट्टी असायची. मार्केटच्या पलीकडे युनूसभाई भंगारवाल्याकडे पत्रे-सळ्या तोलायचा मोठा काटा होता. पहिल्यांदा हंबीरला त्यावर चढवायला तिघं लागले. महिन्याभरात तो स्वतःच चढून ऐटीत उभा राहायला लागला. युनूसभाई मोठ्याने आकडा सांगायचे आणि गुणवंतराव तो भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवायचे. डॉक्टरांनी सांगितलं होतं, की आठवड्याला एक-सव्वा किलोच्या वर जाता कामा नये.

मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी आकडा दोन किलोने वाढला. गुणवंतरावांनी काटा पुन्हा लावून घेतला. तेवढाच. घरी येऊन त्यांनी घरातला काटा तपासला, पिशवी तपासली, रामऔतारला विचारलं. रामऔतारने मान खाली घालून दिवसातून दोन बिस्किटं कबूल केली. पण दोन बिस्किटांनी एवढं होत नाही, हे आचाऱ्याला कळत होतं. सोमवारी साधना निघाली तेव्हा ते खिडकीशी उभे राहिले. घरापुढच्या अंगणाच्या फाटकापाशी तिने पर्समधून डबा काढला, तूप लावलेल्या दोन पोळ्यांची गुंडाळी केली आणि जाळीतून हंबीरला दिली.

संध्याकाळी दोघांत जे झालं ते तीस वर्षांत झालं नव्हतं. साधना म्हणाली, की मुका जीव दिवसभर तोंडाकडे बघतो आणि यांना ग्रॅम सुचतात. "परक्या माणसांना आयुष्यभर आग्रह करकरून वाढलंत," ती म्हणाली, "आणि घरातल्याला मोजून घालता?"

गुणवंतरावांनी आवाज चढवला नाही. "परकी माणसं जेवून आपापल्या गावी गेली, साधना. पुढे त्यांचं काय झालं, मला ठाऊक नाही. हा माझ्यासमोर फरशीवर पडला. माझ्या हातचं खाऊन पडला. आता तो चालेपर्यंत मला कुणाची पोळी चालणार नाही. तुझीसुद्धा."

पुढचे दोन दिवस साधना फाटकापाशी न थांबता तडक निघून गेली. तिसऱ्या दिवशी तिने दुपारच्या वाडग्याबद्दल ऑफिसातून फोन करून विचारलं, दिलात का म्हणून. रविवारी ती स्वतः युनूसभाईंकडे आली. येताना घरी सोललेल्या गाजराचे तुकडे डबीत घेऊन आली होती. दिवसाला चार तुकडे डॉक्टरांना विचारून तिनेच मंजूर करून घेतले होते.

जूनच्या उन्हाळ्यात हंबीरने खाणंच सोडलं. वाडगा हुंगायचा आणि कूलरसमोर जाऊन पडायचा. गुणवंतरावांना आपण जास्तच आवळलं की काय अशी भीती वाटली. पण मटणाच्या पाण्याचा मोह त्यांनी टाळला. सकाळची वेळ पाचवर आणली, दुपारचं खाणं थोडं कमी करून ते ऊन उतरल्यावरच्या वाडग्यात घातलं, आणि हंबीर पुन्हा खायला लागला. जुलैत दुखणं उलटलं. आठवडाभर त्याने डावा पाय टेकवला नाही. डॉक्टर म्हणाल्या की वाढीच्या काळात अशी दुखणी येतात-जातात, मार्ग बदलायचा नाही. गुणवंतराव तीन महिने रोज मोजत होते आणि पाय अजून वाकडेच होते.  पण सात वाजता त्यांनी काटा पुसला आणि वाडगा ठेवला.

फरक पहिल्यांदा दिसला तो ऑगस्टमध्ये, आणि दिसला साधनाला. हंबीर दारातून बाहेर पडला आणि ती म्हणाली, "अहो, हा मनगटावर नाही चालत आता. पंजावर चालतोय."

गणपतीला उत्तरा पाच दिवसांची रजा काढून आली. हंबीर नऊ महिन्यांचा झाला होता, उंच, लांबट, कमरेत बारीक. तो नाचत पुढे आला तशी ती आनंदाने खाली बसली, त्याच्या अंगावरून हात फिरवला आणि तिचा चेहरा उतरला. एप्रिलमध्ये तिने गुबगुबीत पिल्लू पाहिलं होतं.

"बाबा, याच्या पसल्या दिसतायत यार," ती म्हणाली.

"बरगड्या म्हणतात त्यांना," गुणवंतराव म्हणाले. "शेवटच्या दोन दिसतायत. दिसू देत."

तिने मग साठलेलं सगळं बोलून घेतलं. फोनवर तुम्ही सांगायचात तब्येत छान आहे म्हणून, हे छान आहे का. बाहेर लोक म्हणतील उपाशी मारतायत. मी याला हैदराबादला नेते, तिथे दुसऱ्या डॉक्टरांना दाखवते. बोलता बोलता तिने नैवेद्याच्या ताटातला एक मोदक उचलला. हंबीरचं नाक वर झालं.

गुणवंतराव दोघांच्या मधे येऊन उभे राहिले. "तुझा कुत्रा आहे, तू ने. मी अडवणार नाही. पण या घरात आहे तोवर त्याच्या तोंडात माझ्या काट्यावरून आल्याशिवाय काही जाणार नाही."

उत्तराने आईकडे पाहिलं. आई आपली बाजू घेईल अशी तिची खात्री होती.

"मीही यांना हेच बोलले होते," साधना म्हणाली. "तू तो पडलेला पाहिला नाहीस, उत्तरा. मी पाहिलाय. ठेव तो मोदक."

साधनाने फोनमधले मे महिन्यातले फोटो काढून दिले. उत्तराने ते एकेक करून पाहिले. फाकलेले पाय, गाठी, वाडग्याशेजारी आडवा पडलेला हंबीर. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिला परक्या शहरात काळजी नको म्हणून सांगितलं नव्हतं, आणि थोडं गुणवंतरावांना लाज वाटली म्हणूनही. ते आता त्यांनी बोलून दाखवलं. मग तिच्याजवळ बसून तिचा एक हात उपडा ठेवायला लावला आणि दुसऱ्या हाताने त्यावर चाचपायला सांगितलं. हाताच्या पाठीवर हाडं जशी लागतात तशी बरगडी लागली पाहिजे. आवळलेल्या मुठीच्या हाडांसारखी टोचली तर कमी पडतंय, तळव्यासारखी मऊ लागली तर जास्त होतंय. उत्तराने हाताला लावून पाहिलं, मग हंबीरला लावून पाहिलं. तसंच लागलं.  संध्याकाळी सातला ती स्वयंपाकघरात आली, काट्यावर वाडगा ठेवला आणि आता किती ते विचारलं. उरलेले चार दिवस तिनेच वाढलं.

दिवाळीत शेजारून फराळाची ताटं आली तेव्हा रामऔतार गेटवरच सगळ्यांना सांगत होता, की हमीरसाहबचं पथ्य आहे.

डिसेंबरात हंबीर वर्षाचा झाला. त्या आठवड्यात दिल्लीत इतकं धुकं होतं, की दवाखाना दहा पावलांवर येईपर्यंत दिसला नाही. डॉक्टर अरोरांनी पुन्हा फोटो काढले आणि जुने-नवे शेजारी लावले. वजन त्रेपन्न किलो. हाडं सरळ भरली होती. डावा पंजा मात्र थोडा बाहेरच राहणार होता, तो आता आत यायचा नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. धावेल, उड्या मारेल, पण म्हातारपणी त्या पायाला जपावं लागेल. हेच खाणं अजून सहा महिने, दोन वेळा.

गुणवंतरावांनी त्या पंजाकडे पाहिलं. तो वाकडेपणा त्यांचा होता, दोन महिन्यांच्या तूप-अंड्यांचा. कुणावर ढकलायची सोय नव्हती. त्यांनी सहा महिन्यांचा कागद घडी घालून खिशात ठेवला आणि कॅल्शियमच्या त्या बाटलीबद्दल दुकानदाराशी बोलायला हवं, असं म्हणाले. दुसऱ्या दिवशी ते खरोखरच गेले. दुकानदाराने ऐकून घेतलं नाही. तेव्हापासून सोसायटीत किंवा बागेत मोठ्या जातीचं पिल्लू घेऊन कुणी दिसलं, की गुणवंतराव स्वतःहून थांबून त्याला हंबीरचा डावा पाय दाखवतात. काही जण ऐकतात, काही जण हसून पुढे जातात.

मार्चमध्ये उत्तरा हैदराबादहून परत आली. गुरुग्रामची खोली तिने सोडली आणि सामान मयूर विहारला आणलं. ऑफिसला मेट्रोने सव्वा तास लागेल, लागू दे म्हणाली. पहिल्याच रविवारी दुपारी तिघं हंबीरला संजय झील या तलावाकाठच्या बागेत घेऊन गेले. आडबाजूला मोकळं गवत बघून उत्तराने लांब पट्टा लावला आणि ती पळत सुटली. हंबीर तिच्यामागे निघाला, आधी दुडक्या चालीने, मग चारी पाय एकदम उचलत. गवताच्या टोकाशी तो वळला तेव्हा डाव्या पायावर थोडा डगमगला. गुणवंतराव अर्धे उठले. तो सावरला आणि कान मागे टाकून सरळ त्यांच्याकडे धावत आला.